एक फोटो, आठ मिनिटांचा आवाज

[पडद्यावर: जात्याचा खुंटा धरलेले दोन हात, कृष्णधवल फोटो]

मावळातल्या एका घरातला हा फोटो. एवढाच आहे. सोबत जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बाईचा, फोनवर धरलेला आठ मिनिटांचा आवाज. हेमा रायरकर, गी पॉइतवाँ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभर लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तरी जुन्या फोनांत अजून कितीतरी पडून आहेत. नुसता आवाज पाठवला तर नातवंडांना शब्द लागत नाहीत. म्हणून शब्द दाखवणारा व्हिडिओ. तोही लहान, कारण रेंज एका खिडकीतच येते.

[पडद्यावर: ऑडेसिटी हे आवाज संपादनाचं ॲप, आवाजाचा निळा तरंग]

गाणारी एक, माइक एक, स्टिरिओ कशाला? मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा केला, ३२ केबीपीएसवर (सेकंदाला ३२ किलोबिट) आणला. आठ मिनिटं दोन एमबीच्या आत बसली. नॉइज रिडक्शनचं, म्हणजे मागचा गोंगाट पुसायचं बटण दिसलं की हात शिवशिवतात, पण जात्याची घरघर काढलेली नाही. ताल तिचाच आहे.

[पडद्यावर: ओळी एकेक भरताना]

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. ओळ कुठे उचलली, कुठे टेकली, सेकंदाच्या हिश्शापर्यंत. ती म्हणते तसंच लिहायचं, पुस्तकी करायचं नाही. एका वेळी दोनच ओळी. फाईल एसआरटी, म्हणजे वेळेसकट ओळींची साधी यादी; देवनागरी बिघडू नये म्हणून यूटीएफ-८मध्ये साठवलेली.

[पडद्यावर: काळी खिडकी, एफएफएमपेग या व्हिडिओ बनवायच्या साधनाची आज्ञा]

सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, या नेहमीच्या वेगाने आठ मिनिटांत १२,००० फ्रेम होतात, सगळ्या एकाच फोटोच्या. वेग ५वर आणला की उरतात २,४००. एकवरही आणता येतो, पण मग ओळ आवाजामागे रेंगाळते. 'स्टिलइमेज' ही स्थिर चित्रासाठीची सोय चालू, झूम बंद. हळूहळू सरकणारा फोटो छान दिसतो खरा. पण चित्र हललं की प्रत्येक फ्रेम नवी, आणि फाईल फुगते.

ओळी चित्रातच छापल्या. वेगळा सबटायटल ट्रॅक मागाहून दुरुस्त करता येतो, पण व्हॉट्सॲपवर तो दिसतच नाही.

[पडद्यावर: 'पहिली माझी ओवी', अक्षरं जवळून]

फॉन्ट मुक्ता. वेलांटी जागच्या जागी, जोडाक्षरं अखंड. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फाईल पुढे जात नाही.

[पडद्यावर: फोनवरचा गट]

तीन-साडेतीन एमबी. डॉक्युमेंट म्हणून पाठवली, नाहीतर व्हॉट्सॲप पुन्हा दाबतं आणि अक्षरं पुसट होतात. गटातल्या दोघींनी आपापली रेकॉर्डिंगं पाठवली आहेत. त्यातल्या एकीजवळ फोटोच नाही. तिच्यासाठी तिच्या जात्याचा काढून घेऊ.