कच्चं चालतं, कडक तुकडा नको

मागे आवाज येतोय ना? बरं. तर विषय छोटासाच आहे पण त्यावरून घराघरात चांगली जुंपते. एक ते चार वर्षांच्या पोराला कच्चं गाजर, सफरचंद, काकडी, मुळा, बीट असलं कडक काही द्यायचं का, आणि द्यायचं तर कसं? घरात एक पार्टी असते "अरे दात आलेत की आता, दे हातात", आणि दुसरी पार्टी "शाळेत जाईपर्यंत सगळं शिजवूनच". मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोघंही कच्चं आणि कडक तुकडा या दोन गोष्टी एकच धरून चालतात. बारीक किसलेलं गाजर कच्चंच असतं की! ते वर्षाच्या पोरालाही दह्यात कालवून देता येतं. थांबायचंय ते तुकड्यासाठी.

आता दातांचं बघू, कारण सगळी गडबड तिथेच आहे. पुढचे दात साधारण सहा ते दहा महिन्यांत यायला लागतात आणि त्यांचं काम तोडायचं. बारीक करायचं काम दाढांचं. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात, त्यांच्या मागच्या दुसऱ्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत, पोरागणिक थोडं मागेपुढे होतंच. म्हणजे मधे एक मोठा काळ असा असतो की पोरगं सफरचंदाचा लचका मस्त तोडतं, आपण कौतुकाने बघतो, पण तो तोंडात गेलेला तुकडा दळायला आत काहीच नसतं, मग तो तसाच इकडून तिकडे फिरतो आणि पोर हसलं किंवा जोरात श्वास घेतला की मागे सरकतो. दाढा आल्या म्हणजे झालं असंही नाही, जिभेने घास दाढेवर नेणं आणि जबडा गोल फिरवून चावणं ही सवयीने येणारी गोष्ट आहे, त्याला पुढे बराच वेळ लागतो. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कच्च्या गाजराचे तुकडे, अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, पॉपकॉर्न हे 4 वर्षांपर्यंत नकोच म्हणते. ते मला मान्य आहे, त्यात घासाघीस नको.

श्वासनलिका केवढी असते माहितीये? पोराची स्वतःची करंगळी बघा, साधारण तेवढी. आणि खोकून बाहेर फेकायची ताकदही आपल्यापेक्षा कमी. त्यामुळे तुकड्याच्या आकाराला फार महत्त्व आहे. गाजराची गोल चकती किंवा अख्खं द्राक्ष म्हणजे बाटलीला बूच, नेमकं बसतं आणि हवा पूर्ण बंद. उभं चिरलं की तो गोलपणा मोडतो. द्राक्षाचे उभे चार भाग, आडवे दोन नाही बरं का, आडवं कापलं की दोन्ही अर्धुकं गोलच राहतात.

मग द्यायचं कसं? सुरुवात किसाने. किसणीची बारीक बाजू घ्या, आणि कोरडा किस नुसता देऊ नका, ठसका लागतो, कशाततरी ओला करून द्या. त्याच दिवसांत दुसरीकडे गाजराच्या उभ्या फोडी चांगल्या वाफवून द्यायच्या, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात दाबली की सहज चेपली पाहिजे, ही साधी टेस्ट. ते नीट चावतंय असं दिसलं की पुढचे काही आठवडे वाफवायचा वेळ थोडा थोडा कमी करत न्यायचा, म्हणजे पोराला थोडं कडक, मग आणखी थोडं कडक असं चावायची प्रॅक्टिस मिळते आणि आपल्यालाही कळतं गाडी कुठे अडते. सफरचंदाचं वेगळं, ते साल काढून एकदम पातळ कापायचं, काप बोटाने वाकला पाहिजे, ताठ राहिला तर अजून जाड आहे. साल टाळूला चिकटते म्हणून सुरुवातीला नकोच. काकडी सोलून उभी, पातळ. आणि कच्चं मिळालं नाही म्हणून पोराचं काही बुडत नाही, गाजरातलं बीटा-कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते, तर शिजवून थोड्या स्निग्धासोबत खाल्लं की उलट जास्त शोषलं जातं, त्यामुळे शेजारच्याचं पोर अख्खं गाजर कुरतडतंय म्हणून आपण घाई करायची काही गरज नाही.

खाताना बसून, ताठ, समोर मोठं माणूस. पळताना नाही, गाडीत मागच्या सीटवर नाही, रडत असताना तोंडात कोंबायचं तर अजिबात नाही.

आता घाबरायचं कधी? घास मागे गेला की पोरं उमासा काढतात, तोंड लाल होतं, खोकतात, डोळ्यातून पाणी. आवाज येतोय म्हणजे हवा जातेय, तेव्हा खोकू द्या, शेजारी थांबा, आणि प्लीज तोंडात बोट घालून चाचपडू नका, तुकडा आणखी आत जातो. खरा धोका बिनआवाजाचा. खोकता येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर. तेव्हा वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने 5 जोरात थापा, नाही निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे 5 झटके, परत थापा, परत झटके, आणि दुसऱ्या कुणीतरी ऍम्ब्युलन्सला फोन. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पोटावर झटके नाहीत, डोकं खाली धरून पाठीवर 5 थापा आणि मग छातीवर 5 दाब. मूल बेशुद्ध पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. हे ऐकून येत नाही, बाहुलीवर करून शिकावं लागतं, कोर्स असतात, करा. पोटावर झटके दिले असतील तर नंतर पोर हसत असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं.

चिठ्ठीत एक चांगला प्रश्न आलाय, की ठसका लागला, मग थांबला, आता ठीक आहे, तर विसरून जायचं का? नाही. कधी कधी तुकडा श्वासनलिकेतून पुढे एका फुप्फुसाच्या फांदीत जाऊन बसतो आणि पोर वरवर नॉर्मल दिसतं. मग काही दिवस खोकला जात नाही, एकाच बाजूने शिट्टीसारखा आवाज येतो, ताप येतो, आणि सगळे सर्दी समजून औषधं देत बसतात. गाजर-सफरचंदाचा तुकडा साध्या एक्स-रेत थेट दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे क्लीन आला म्हणून विषय संपला असं नाही, दुर्बीण घालून बघावं लागू शकतं. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की अमुक दिवशी खाताना ठसका लागला होता, काय खात होतं तेही सांगा, कारण तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना ते कळायला मार्ग नाही.