मनगटावरची नाडी

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी आपल्या कोल्हापुरात रंकाळ्यावर फेरी मारायला गेलं की आता कितीतरी जणांच्या मनगटावर काळा पट्टा दिसतो. फिटनेस बँड. कुणाला लेकानं पुण्याहून पाठवलेला, कुणी दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतलेला. आणि मग दवाखान्यात दोन प्रश्न येतात. एक, "डॉक्टर, माझा ऑक्सिजन 91 दाखवतोय, ॲडमिट व्हावं लागणार का?" आणि दुसरा, "ऑक्सिजन तर 98 आहे, मग मला दम का लागतोय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सोपं निघतं. दुसऱ्या प्रश्नानं मात्र मी सावध होऊन बसतो. का, ते सांगायला आज एका वस्तादांची हकिगत आणली आहे. त्यांचं नाव आणि तालीम सांगणार नाही, पण हकिगत सांगा असं त्यांनीच मला बजावलंय.

त्याआधी हे यंत्र करतं काय, तेवढं ऐका. बँड उलटा करून बघा, मागं हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त भरतं, तेव्हा परत येणारा प्रकाश कमी होतो. ठोका ओसरला की तो वाढतो. हा चढउतार मोजला की झाली नाडी. ऑक्सिजनसाठी तांबडा आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश लागतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडली. कोविडमध्ये आपण बोटाला चिमटा लावत होतो, तो याच युक्तीवर चालतो. फरक इतकाच, की बोटातून प्रकाश आरपार जातो आणि मनगटावर मात्र परत फिरून येईल तेवढ्यावरच भागवावं लागतं. म्हणून बँडवर नाडी बरी कळते, ऑक्सिजनचा आकडा कच्चा असतो. पुन्हा सांगतो, नाडी बरी, ऑक्सिजन कच्चा.

आता वस्ताद. वय सत्तरीच्या घरात. तरुणपणी खासबागेत लढलेले. शाहू महाराजांनी 1912 साली उभं केलेलं हे मैदान आपल्या गावात आहे, आणि शाळेतल्या प्रत्येक पोराला वर्षातनं एकदा तरी तिथल्या मातीत उतरवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. असो. वस्तादांची कुस्ती सुटली, पण जोर-बैठका सुटल्या नाहीत. अशा माणसाचं हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त फेकतं, त्यामुळं निवांत असताना ठोके कमी लागतात. मोठ्या माणसाची निवांत नाडी साधारण 60 ते 100 असते, वस्तादांची 54. मुलानं बँड आणला त्या दिवशी हा आकडा बघून घर घाबरलं होतं. मी म्हटलं, ही त्यांच्या मेहनतीची कमाई आहे. घाबरू नका, लिहून ठेवा.

सूनबाईंनी खरंच लिहून ठेवला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. दूध दोन लिटर, मामा 54. दूध दीड लिटर, मामा 55. मामा म्हणजे सासरे, आपले वस्ताद. रोज सकाळी, मामा अंथरुणातून उठायच्या आत. (दुधाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आपल्या अभिमानाची गोष्ट आहे हे मला ठाऊक आहे, तरी दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस नावाचा जंतूंचा आजार होऊ शकतो. ताप आणि सांधेदुखी महिनोन्महिने सोडत नाही.)

गणपती झाले आणि आकडा हलायला लागला. 58. 61. दसऱ्याला 66. मुलगा ऑक्सिजन बघायचा, तो 97 नाहीतर 98. तो बायकोला म्हणायचा, "ऑक्सिजन चांगला हाय की, कशाला घाबरतीस?" ताप नाही, खोकला नाही. आकडा 78 झाला त्या दिवशी सूनबाईंनी कॅलेंडर खिळ्यावरनं काढलं, गुंडाळी केली आणि वस्तादांना घेऊन दवाखान्यात आल्या.

"डॉक्टर, काय न्हाय झालंय मला. ह्या पोरीनं उगच आणलंय."

"मामा, थांबा जरा," सूनबाई म्हणाल्या. "मी रोज सकाळी बघतो, डॉक्टर. हे बघा, गणपतीत 54 हुतं. आता 78."

मी विचारलं, वस्ताद, दम लागतो? म्हणाले, नाही. सूनबाई म्हणाल्या, तालमीचा जिना चढताना मधेच थांबतात, आणि कुणी बघितलं की चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करतात. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. 98. मग खालची पापणी ओढून बघितली. पांढरी फटक.

"वस्ताद, गुडघ्याला काय घेता?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "गोळी. मेडिकलमधनं. मिरवणुकीत गुडघा धरला तवापासनं, सकाळ-संध्याकाळ."

पुढचा प्रश्न शौचाचा होता. तो सुनेसमोर कसा विचारायचा? सूनबाईंना ते समजलं, त्या आपणहून बाहेर जाऊन बसल्या. काळी होते का, असं मी विचारलं. वस्तादांनी मान हलवली. काळी, चिकट, बरेच दिवस.

हिमोग्लोबिन निघालं 7.4. पुरुषाला ते 13 च्या वर हवं. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण झाला होता आणि त्यातून थोडं थोडं रक्त चाललं होतं. रक्त चढवलं, दुर्बिणीतून तपासणी झाली, उपचार झाले. पुढच्या वर्षी वस्ताद मिरवणुकीत होते, यावेळी ट्रॅक्टरवर बसून. कॅलेंडरवर पुन्हा 55.

मग ऑक्सिजन 98 कसा होता? यंत्र खोटं बोललं का? नाही. समजा, स्टँडवरून महाद्वारला माणसं नेणाऱ्या शंभर रिक्षा आहेत आणि सगळ्या भरलेल्या आहेत. रिक्षा म्हणजे हिमोग्लोबिन, माणसं म्हणजे ऑक्सिजन. त्यातल्या निम्म्या रिक्षा बंद पडल्या. उरलेल्या पन्नास भरलेल्याच आहेत, पण महाद्वारला माणसं पोचतात निम्मी. बँड फक्त एवढंच बघतो, की रिक्षा भरलेल्या आहेत का. रिक्षा आहेत किती, हे त्याला दिसतच नाही. मग उरलेल्या रिक्षांना जास्त खेपा माराव्या लागतात, तीच वाढलेली नाडी. ऑक्सिजनचा आकडा चांगला म्हणजे रक्त पुरेसं, असं नाही. घरातल्या बायकांनी हे जास्त लक्षात ठेवा. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. "बायकांचं रक्त कमीच असतं" हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार झालं पाहिजे. आणि गुडघ्याची गोळी चिठ्ठीशिवाय आठवड्यामागून आठवडे खाणं, तेही.

आणखी एका ठिकाणी ऑक्सिजनचा आकडा फसवतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. तो हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि यंत्राला ते ऑक्सिजन घेतलेलंच वाटतं. माणूस बेशुद्धीच्या वाटेवर आणि आकडा झकास. बाथरूमला वाऱ्याची वाट ठेवा.

आता वापराचं. बँड मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट पण रुतणार नाही असा बांधा. गोंदण असेल तर ती जागा टाळा. नाडी सकाळी अंथरुणातच बघा, चहाच्या आधी. ऑक्सिजन बघताना पाच मिनिटं बसा, हात टेबलावर ठेवा, बोलू नका. हात गार असतील तर आधी चोळा. कमी आकडा आला तर थांबून पुन्हा घ्या, मग बोटाच्या ऑक्सिमीटरवर पडताळा. त्या बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको. बोटाच्या यंत्रावरही तो 94 च्या खालीच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, 90 च्या खाली असेल तर थेट हॉस्पिटल. जुन्या दमेकऱ्यांनी आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेला आकडा धरावा. सावळ्या कातडीवर ही यंत्रं कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतात, म्हणून आकडा चांगला आणि दम लागतोय, असं असेल तर दम खरा धरा. आणि तुमची स्वतःची नेहमीची नाडी माहीत करून घ्या. ती काही दिवस सलग 10-15 नं वर राहिली आणि कारण सापडत नसेल, तर तपासून घ्या.

छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, घाम, बोलताना दम. यातलं काही झालं तर बँडकडे बघत बसू नका. हृदयविकाराचा झटका त्याला ओळखता येत नाही. 108 ला फोन करा, माणसाला बसवून ठेवा, जिना उतरवू नका, आणि गाडी ओळखायला कुणालातरी गल्लीच्या तोंडाशी उभं करा.

नमस्कार.