यिनहुआ : कोटणीसांच्या मुलाचं नाव

शाईत बुडवलेला कुंचला कागदावर टेकतो. मोजक्या फटकाऱ्यांत एक अक्षर उमटतं, यिन. त्याखाली दुसरं, हुआ. चिनी मुलाचं नाव बहुतेकदा एवढंच असतं, एका-दोन अक्षरांचं, आणि आडनाव त्याच्या आधी लागतं. या मुलाचं आडनाव के. कोटणीसमधला ‘को’ चिनी तोंडात असा बसला.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टर धाडले, त्यांतले एक. पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ आलं. हुआ म्हणजे चीन. जुन्या भाषेत फुलोराही. चिनी घराण्यांत एका पिढीच्या भावंडांच्या नावांत एक अक्षर सामाईक ठेवायची रीत आहे, तिचीच इथे आठवण येते. कोटणीस झाले के दीहुआ. दी हे एक झाड. ‘शी चिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात भावाभावांच्या मायेचं एक गीत आहे, ते या झाडाच्या बहरानंच सुरू होतं. परक्या डॉक्टरला किती विचारानं दिलेलं नाव हे!

क्वो छिंगलान या कोटणीसांच्या चिनी पत्नी. त्यांना २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. बारशाचं नाव सुचवलं सेनापती न्ये रोंगचेन यांनी. यिन म्हणजे एरवी शिक्का, मोहोर; इथे मात्र ते ‘यिनदू’मधलं, म्हणजे भारत. ‘यिनदू’ हेच नाव योग्य, असं सातव्या शतकात ह्युएन त्संगानं लिहून ठेवलं. महाराष्ट्राच्या माणसांचं वर्णन करणारा तोच हा प्रवासी.

आपल्याकडे मुलाच्या नावामागोमाग वडिलांचं नाव लागतंच. जुन्या चिनी रिवाजात वडिलांच्या नावातलं अक्षर मुलाला देत नसत, त्याचा उच्चारही टाळत. यिनहुआला मात्र वडिलांचं ‘हुआ’ जसंच्या तसं मिळालं. आम्हाला या नावात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. हे अक्षर वडिलांना चीननं दिलं होतं, आणि मुलाच्या नावात त्याच्या शेजारी भारत येऊन बसला.

९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. यिनहुआही वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच १९६७ साली गेला. क्वो छिंगलान पुढेही भारतात, सासरच्या माणसांत येत राहिल्या. कोटणीसांच्या सोलापूरच्या घरात आज त्यांचं स्मारक आहे.