उंचीची वही

(दृश्य: धावपट्टी, पहाट)

नेरुळ. सकाळचे साडेसहा. सहावी-सातवीची मुलंमुली एकत्र पळतायत. शंभर मीटरची ही फेरी नीट बघा. पहिली मुलगी आली, दुसरा मुलगा, तिसरी पुन्हा मुलगीच. यात नवल नाही. वयात येईपर्यंत धावण्यात मुलगा-मुलगी हा फरक अगदी थोडा असतो, आणि मुली आधी वयात येतात म्हणून या वर्गात कित्येकदा त्याच उंच असतात.

(दृश्य: भिंत, पेन्सिलीच्या रेघा, वही)

पळून झालं की सगळे या भिंतीपाशी येतात. बूट काढायचे, टाचा भिंतीला टेकवायच्या, नजर समोर. अंबाडा असेल तर सोडायचा, नाहीतर उंचीत दोन सेंटिमीटर फुकटचे. डोक्यावर पट्टी आडवी धरून रेघ मारली जाते, शेजारी तारीख. मग लाकडी स्टुलावर बसून पुन्हा माप. या मापातून स्टुलाची उंची वजा केली की बसलेली उंची मिळते, आणि ती उभ्या उंचीतून वजा केली की पायांची लांबी कळते. सगळं या वहीत उतरतं. वाढीच्या झपाट्यात, म्हणजे उंची सगळ्यात वेगाने वाढते त्या काळात, आधी पाय लांबतात, धड मागून येतं. म्हणून या दोन मापांना वय आणि वजन जोडलं की झपाटा किती लांब आहे, किंवा होऊन किती काळ लोटला, याचा अंदाज बांधता येतो. मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ही पद्धत मांडली. अंदाजच तो, वर्षभर इकडेतिकडे होऊ शकतो. पण खर्च एका टेपचा.

मुलींचा झपाटा साधारण बाराव्या वर्षी येतो, मुलांचा चौदाव्या. मुलींची पाळी सहसा त्यांच्या झपाट्यानंतर साधारण वर्षभराने सुरू होते.

(दृश्य: निळ्या टी-शर्टमधली मुलगी, स्टॉपवॉच)

ही आठवीतली. उंची वाढली, वजन वाढलं, वेळ मात्र गेल्या वर्षीचीच. ‘सर, मी एकही दिवस चुकवलेला नाही,’ ती सांगते. खरंच चुकवलेला नाही. याच काळात मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वीस-तीस पटींनी वाढतं, स्नायू भरतात, हृदय मोठं होतं, हिमोग्लोबिन चढतं. मुलींमध्ये इस्ट्रोजेनमुळे कंबर रुंदावते, चरबी वाढते; वजनाच्या मानाने स्नायूंचं बळ तेवढं वाढत नाही. प्रौढ धावपटूंमध्ये हे अंतर दहा ते बारा टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. शंभर मीटरचे जागतिक विक्रम बघा: पुरुषांचा ९.५८ सेकंद, महिलांचा १०.४९.

अशा मुलीला ‘हिचं लक्ष उडालंय’ म्हणणं हा अन्याय आहे. ते ऐकून कितीतरी मुली मैदान सोडतात.

(दृश्य: खोक्यावरून उडी, गुडघ्यांचा क्लोजअप)

उतरताना तिचे गुडघे आत वळतात, बघा. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध फाटण्याचा धोका या वयापासून मुलींना मुलांपेक्षा बराच जास्त. म्हणून रोज दहा मिनिटं फक्त उतरण्याचा सराव: गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज न करता. पलीकडचा मुलगा गुडघ्याखालचं टेंगूळ दाखवतोय. तिथलं हाड अजून वाढतंय, आणि मांडीचा स्नायू ते ओढतोय. त्याला आठवडाभर उड्या बंद.

(दृश्य: डबे उघडलेले)

डब्यात पोळी-भाजी, एकीच्या डब्यात अळीव लाडू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ मध्ये, १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. पाळी सुरू झालेल्या, पळणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासलंच पाहिजे.

(दृश्य: डी. वाय. पाटील स्टेडियम, बाहेरून)

हे स्टेडियमही नेरुळमधलंच. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना इथे झाला. स्पेन आणि कोलंबियाच्या त्या मुलीही या बदलातूनच गेल्या होत्या.

(दृश्य: दोन मुलगे शेजारी, एक खांद्याएवढा)

दोघांच्या वाढदिवसात महिन्याचं अंतर, म्हणून वयोगट एकच. वयोगट जन्मतारखेवर ठरतो, आणि निवड बहुधा उंच मुलाची, म्हणजे झपाटा आधी आलेल्याची, होते. निवड करणाऱ्यांनी वेळेच्या कागदासोबत ही वहीही मागवावी.