शेगडी, म्हातारा आणि राजाचा डाव

श्रोतेहो, नमस्कार. सतराव्या शतकातल्या युरोपात 'हिवाळा काढ' म्हटलं की चित्रकाराला फार डोकं खाजवावं लागत नसे. कोणती कल्पना कोणत्या रूपात दाखवायची हे सांगणारा चेझारे रीपाचा 'इकोनोलोजिया' हा ग्रंथ 1593 साली रोममध्ये निघाला आणि 1603 पासून त्यात चित्रंही आली. वसंत म्हणजे फुलं घेतलेली तरुणी, उन्हाळ्याला गव्हाच्या ओंब्या, शरदाला द्राक्षं. आणि हिवाळा? शेगडीपाशी कुडकुडणारा म्हातारा. ध्यानात ठेवा, शेगडी आणि म्हातारा. फ्रान्सच्या राजाच्या व्हर्साय महालाच्या बागेतल्या पुतळ्यांसाठी 1674 साली राजाचा चित्रकार शार्ल ल ब्रन यानं जी रेखाटनं केली, त्यांतही हिवाळा म्हणजे तोच म्हातारा.

आता माझी आवडती गोष्ट. चित्रकार निकोला पूसां, मूळचा फ्रान्सचा, पण मुक्काम रोमला. वय साठीच्या पुढे, हात कापायचा. त्या वर्षांतली त्याची रेखाटनं पाहा, रेघ थरथरत, अडखळत जाते. (बघायचं तर बसून बघा. संग्रहालयवाले बाक ठेवायला इतके का कचरतात, हे माझं जुनं दुखणं!) त्याच हातानं त्यानं 1660 ते 1664 या काळात रिशल्यूच्या ड्यूकसाठी, म्हणजे एका बड्या फ्रेंच सरदारासाठी, चार ऋतू रंगवले. शेगडी नाही, कुडकुडणारा म्हातारा नाही. हिवाळ्याच्या जागी त्यानं बायबलमधला महापूर काढला. करडं आभाळ, विजेची रेघ, होडीतली आई वर खडकावरच्या माणसाकडे लेकरू देतेय, आणि डावीकडच्या खडकावरून एक साप सरपटतोय.

ड्यूकला चित्रं मिळाली खरी, पण टिकली नाहीत. सांगतात असं, की 1665 साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्याबरोबर तो 'जो द पोम' खेळायला उतरला. टेनिसचा पूर्वज तो, बंद दालनात खेळायचा. पैज लागली. समोर विशीतला राजा, जोर अंगात मावत नव्हता. ड्यूक हरला आणि पूसांची तेरा चित्रं राजाकडे गेली. एक नाही, दोन नाही, तेरा! चारही ऋतू त्यातच. सरकारी हिशेबात मात्र राजानं ड्यूकला 50,000 लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजल्याचं दिसतं. म्हणजे पैजेची गोष्ट कितपत खरी, देव जाणे. मी मात्र ती सांगायची सोडणार नाही.

ते चार ऋतू आज पॅरिसला लूव्र संग्रहालयात आहेत. आणि ड्यूकचं म्हणाल, तर गडी खचला नाही, त्यानं पुढे रूबेन्सची चित्रं जमवायला घेतली.