अ‍ॅनॉनिमसला जॉईन कसं व्हायचं? (शेवटचं सांगतोय)

(टेबलावर पांढरा प्लास्टिकचा मास्क ठेवलेला.)

नमस्कार मंडळी! मागचा व्हिडिओ पासवर्डवर होता. त्याखाली पासवर्डबद्दलचे प्रश्न आले चार. आणि "दादा, अ‍ॅनॉनिमसला जॉईन कसं व्हायचं?" हे किती जणांनी विचारलं, ते मोजायचं मी सोडून दिलं. एका पठ्ठ्याने तर शाळा, इयत्ता, मोबाईल नंबर, सगळं लिहून विचारलंय. अरे बाळा, ज्या टोळीचं नावच 'अनामिक' आहे तिच्यात शिरायला तू बायोडाटा घेऊन निघालास? कमेंट मीच उडवली, रागावू नकोस.

ओळख पटकन उरकतो. अ‍ॅनॉनिमस म्हणजे नाव लपवून इंटरनेटवर हल्ले आणि निदर्शनं करणाऱ्या लोकांचा सैल जमाव. फोरचॅन नावाची साइट, २००३ सालची. तिथे नाव न टाकता काही लिहिलं की वर 'अ‍ॅनॉनिमस' असं दिसायचं, तेच नाव पोरांनी उचललं. २००८ मध्ये सायंटॉलॉजी नावाच्या अमेरिकी पंथाच्या चर्चविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा हा मास्क आला. २०१० मध्ये सरकारी गुपितं फोडणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्या अडवल्या म्हणून पेपाल, व्हिसा, मास्टरकार्ड या पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांच्या साइट पाडायला निघाले. आणि साइट पाडणं म्हणजे हॅक करणं नव्हे, हे कृपा करून लक्षात ठेवा. बँकेच्या खिडकीवर काम नसलेली हजार माणसं उभी केली, तर पेन्शनवाले आजोबा आत पोचत नाहीत. तिजोरीला मात्र कुणी हात लावलेला नसतो. तरी आपल्याकडे गुन्हा तो गुन्हाच. आयटी कायद्याचं कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद.

आता मुद्दा. जॉईन होता येत नाही, कारण दारच नाही. अध्यक्ष नाही, कार्यालय नाही, वर्गणी नाही. आपल्या गणेश मंडळाला निदान पावती पुस्तक असतं! इथे मी आत्ता म्हणालो "मी अ‍ॅनॉनिमस", की झालो. तुम्ही म्हणालात की तुम्हीही झालात. आणि एखादा पोलीस म्हणाला, तर तोही झाला. हे शेवटचं वाक्य जॉईनवाल्यांपैकी कुणीच ऐकून घेत नाही.

नाही ना पटत? साबूचं ऐका. २०११ मध्ये यांच्यातूनच लुल्झसेक नावाचा एक छोटा कंपू फुटून निघाला. त्यातला हा म्होरक्या, खरं नाव हेक्टर मॉन्सेगर, न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतीत राहणारा. ७ जूनला एफबीआय त्याच्या दारात उभी राहिली आणि लगेचच तो त्यांच्या बाजूने काम करायला लागला. पुढचे नऊ महिने तो त्याच नावाने, त्याच चॅटवर, त्याच तोऱ्यात बोलत होता. यांच्यातल्याच जेरेमी हॅमंडने स्ट्रॅटफर या कंपनीच्या ईमेल पळवल्या, तेव्हा त्या ठेवायला सर्व्हर कुणी दिला? साबूने. म्हणजे कुणी, ते कळलं ना? हॅमंडला दहा वर्षं झाली. तो ज्याला आपला समजत होता, त्याची खातरी करायला त्याच्याकडे काय साधन होतं? काहीच नाही. दार नाही म्हणजे दारावर माणूसही नाही.

अजून एक बाजू. ते पेपालवर तुटून पडले, तेव्हा साइट पाडायला लोइक नावाचा प्रोग्रॅम वाटला होता. डाउनलोड करा, बटण दाबा, झालात क्रांतिकारक. तो प्रोग्रॅम तुमचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता, लपवतच नव्हता. पेपालने हजारेक आयपींची यादी काढून एफबीआयच्या हातात ठेवली, आणि चौदा जणांना अटक झाली. मास्क तोंडाला होता हो, मोडेमला नव्हता.

आणि तिसरी, माझ्या घरातली. माझ्या मावसभावाने टेलिग्रामवरच्या एका ग्रुपला ४९९ रुपये भरले. 'आजीव सदस्यत्व'. प्रमाणपत्र आलं, सोनेरी किनार, गोल शिक्का, खाली 'सचिव' म्हणून सही. अ‍ॅनॉनिमसचं स्पेलिंग चुकलेलं. मी म्हटलं, अरे, अनामिकांच्या टोळीने तुझं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट छापून दिलंय, तुला काहीच खटकलं नाही? तर म्हणतो, लॅमिनेशन करून घेऊ का?

बरं. एक काका दर व्हिडिओखाली लिहितात, "हे सगळे परकीय हस्तक, ठोकून काढा." काका, तुमचा संशय मला पटतो. मुखवट्यामागे कोण ते कळत नसेल, तर विश्वास का ठेवायचा? पण मग तोच संशय जरा दुसऱ्या बाजूलाही फिरवा. आपल्याकडे आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार साइट ब्लॉक करतं. २००९ च्या नियमांत नियम १६ आहे, तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायची. आणि २०१० चं ते पेपाल प्रकरण मुळात सुरू कुठून झालं माहितीये? बंगळुरूमधून. एप्लेक्स नावाची कंपनी सिनेमावाल्यांच्या वतीने पायरसीच्या साइटवर असलेच हल्ले करत होती, आणि प्रमुखाने ते उघड सांगितलं होतं. त्याचा बदला म्हणून पोरं उठली. तोच उद्योग, फक्त यांच्याकडे लेटरहेड होतं.

(मास्क उचलतो.)

हा माझाच आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून घेतलेला. याचे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे आहेत, म्हणजे बड्या कंपन्यांविरुद्ध मोर्चा काढायचा आणि खरा मास्क घेतला तर एका बड्या कंपनीला रॉयल्टी द्यायची. माझ्या मास्कचा एक पैसाही त्यांच्याकडे गेला नसणार, ही माझी क्रांती.

२०१२ चा मे महिना. मद्रास उच्च न्यायालयाचा सिनेमाच्या पायरसीबद्दलचा एक आदेश दाखवून इंटरनेट कंपन्यांनी विमियो, डेलीमोशन या व्हिडिओच्या आणि पेस्टबिन ही मजकूर टाकायची साइट, अख्ख्याच्या अख्ख्या बंद केल्या. माझा कॉलेजचा प्रोजेक्ट विमियोवर अडकला. अ‍ॅनॉनिमसने सर्वोच्च न्यायालयाची, काँग्रेसची साइट पाडली, आणि ९ जूनला देशभर निदर्शनं. मी आझाद मैदानात गेलो. जूनचा उकाडा, आत घाम, मिशीच्या भोकातून श्वास. अर्ध्या तासात इलॅस्टिक तुटलं. ते हातात धरून उभा असताना एक हवालदार म्हणाले, "काढा ते, चक्कर येईल." मग पाणी दिलं. माझा अनामिकपणा तिथेच संपला.

२२ जूनला न्यायालयाने सांगितलं, अख्खी साइट नको, नेमक्या लिंका बंद करा. मी मित्रांना पार्टी दिली. आपण जिंकलो! नंतर कळलं, इंटरनेट कंपन्यांचे वकील अर्ज घेऊन गेले होते. मास्कवाल्यांचा काहीच वाटा नव्हता असं म्हणत नाही, आवाज झाला तो त्यांच्यामुळेच. पण अर्जावर सही होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टवरून अटक झाली, आठवतंय? ती ज्याखाली झाली, ते आयटी कायद्याचं कलम ६६अ २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, खटल्याचं नाव श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार. म्हणजे अर्जदाराचं नाव सरळ वर, आडनावासकट.

यावर काहीजण लिहिणार, "दादा, तुम्ही विकले गेलात." लिहा. पण जॉईनचं विचारू नका. तो ४९९ वाला ग्रुप मी आज सकाळी पाहिला. ५९९ केलेत, आणि लॅमिनेशन फ्री आहे.