जर्सीवरचा आकडा आणि पंचांची नजर

श्रोतेहो, नमस्कार.

रोहित शर्माच्या पाठीवर ४५ आणि जसप्रीत बुमराच्या पाठीवर ९३, हे आकडे आपल्या ओळखीचे आहेत. उद्या दोघांनी ते बदलून घेतले तरी क्रिकेटच्या नियमांना काही फरक पडणार नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, तसं नाही. तिथे पाठीवरचा आकडा पाहून पंच ठरवतात की या गड्याला चेंडू झेलण्याचा हक्क आहे की नाही. आज त्या आकड्यांविषयी बोलू या.

आक्रमण करणाऱ्या अकरा जणांपैकी किमान सात जण चेंडूच्या रेषेवर ओळीने उभे राहतात. पुढे फेकलेला चेंडू झेलायचा तो ओळीच्या दोन टोकांवरच्या आणि ओळीमागे उभ्या असलेल्या खेळाडूंनी. मधल्या पाच धिप्पाड लाईनमननी फक्त समोरच्याला अडवायचं. त्यांचे आकडे ५० ते ७९ यांमधलेच असतात. धावत्या, आदळत्या गर्दीत बचाव करणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की हा ७२ नंबर झेल घेणार नाही, त्याच्यामागे धावायची गरज नाही. माझ्या मते या सगळ्या नियमावलीचा गाभा एवढाच आहे.

आकड्यांची पहिली शिस्त १९५२मध्ये आली. क्लीव्हलंड संघाचा थोर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, ऑटो ग्रॅहम तोवर ६० नंबर घालत असे. त्याला १४ घ्यावा लागला. १९७३मध्ये नियम आवळले गेले. क्वार्टरबॅक आणि किक मारणारे १ ते १९, चेंडू घेऊन धावणारे २० ते ४९, झेल घेणारे ८० ते ८९, असे वाटे पडले. शून्य आणि दुहेरी शून्यावर बंदी आली. पण आधीपासून दुहेरी शून्य घालणाऱ्या जिम ऑटो आणि केन बरो यांना ते राहू दिलं. बरो १९८१पर्यंत त्याच आकड्याने खेळले. ज्याने आकड्यावर नाव कमावलं त्याच्याकडून तो हिसकावून घ्यायचा नाही, हा समंजसपणा मला फार आवडतो.

पुढे मात्र हा समंजसपणा आटला. बचावात खेळणारा ब्रायन बॉसवर्थ कॉलेजात ४४ नंबरने गाजलेला. १९८७मध्ये सिअ‍ॅटलकडून खेळायला आल्यावर त्याला ५५ दिला गेला; तो कोर्टात गेला, पण उपयोग झाला नाही. २००६मध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या रेजी बुशने कॉलेजातला ५ नंबर मागितला, मिळाला २५. या नकाराला खेळातलं सबळ कारण मला दिसत नाही. ५ आणि २५, दोन्ही आकड्यांच्या खेळाडूला झेल घेता येतोच. पंचांची काहीच अडचण होत नव्हती.

आकड्यांची टंचाई पडू लागली तेव्हा लीग हळूहळू नरमली. २००४मध्ये झेल घेणाऱ्यांना १० ते १९ हे आकडे खुले झाले. २०२१मध्ये कॅन्सस सिटीच्या प्रस्तावावरून बहुतेक बंधनं सैल झाली, आणि २०२३मध्ये फिलाडेल्फियाने सुचवल्यावर शून्यही परत आला. २०२१च्या बदलावर नामवंत क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी चिडला होता. चेंडू हलण्याआधी क्वार्टरबॅक समोरची मांडणी वाचतो, आणि त्यात आकड्यांची मदत होते. त्याचं म्हणणं रास्त होतं, तरी सवलत दिली हे योग्यच झालं असं मला वाटतं.

कारण ५० ते ७९ची भिंत तशीच उभी आहे. तीही ओलांडता येते, पण आधी पंचांना सांगून. असा खेळाडू पंचांकडे जाऊन कळवतो की या एका चालीत मी झेल घेऊ शकणाऱ्यांत आहे, आणि पंच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करतात. न्यू इंग्लंडने १० जानेवारी २०१५ला बॉल्टिमोरविरुद्ध हे उलटं वापरलं. झेल घेऊ शकणारा ३४ नंबरचा शेन व्हेरीन आपण झेल घेणार नाही असं कळवून बाजूला उभा राहिला. बॉल्टिमोरचा बचाव गोंधळला, त्यांचे प्रशिक्षक जॉन हार्बॉ थेट मैदानात धावले. चौदा गुणांनी मागे पडलेला न्यू इंग्लंड ३५–३१ असा जिंकला, आणि त्याच वर्षी लीगने नियम बदलून ही वाट बंद केली.

मला सर्वांत जास्त सलतो तो ३० डिसेंबर २०२३चा सामना, डेट्रॉईट विरुद्ध डॅलस. शेवटचे २३ सेकंद उरलेले, डेट्रॉईट एका गुणाने मागे. नुकतेच गुण मिळवल्यामुळे जादा गुणांची एक संधी त्यांच्या हाती होती. तीत बरोबरीचा एक गुण न घेता त्यांनी विजयासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला. ६८ नंबरच्या टेलर डेकरने चेंडू झेलला, मैदानात जल्लोष झाला. पण पंच ब्रॅड अ‍ॅलन यांनी जाहीर केला होता ७० नंबर, डॅन स्किपरचा. झेल रद्द झाला. आपण कळवलं होतं, असं डेकरचं म्हणणं. पंचांकडे त्या वेळी डेट्रॉईटचे तीन लाईनमन गेले होते, प्रतिस्पर्ध्याला चकवण्यासाठी; त्या चकव्यात पंचच सापडले. डेट्रॉईट २०–१९ने हरला. पंचांनी जाहीर केलेला आकडा ६८ असता, तर तो झेल वैध ठरला असता. धन्यवाद.